दादाने गाळलेली ओळ

प्रिय स्वल्पविराम,

माझं पत्र बघून दचकली असशील. गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडून तुला आलेला मजकूर म्हणजे "बाबांचा चष्मा तुझ्या पिशवीत गेलाय" नाहीतर "येताना गुडघ्याचं मलम आण", तोही फोनवर, दोन वाक्यांत. त्यामुळे हे जाडजूड पाकीट हातात घेताना घरी काही वाईट घडलं की काय, असं तुला वाटलं असणार. म्हणून आधीच सांगून टाकते, तुझे बाबा, माझा दादा, ठीक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर तो समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या दोरीवर काय वाळत घातलंय तेसुद्धा मला वाचून दाखवतो. गुडघा जिन्यावर कुरकुरतो, पण दादा कुरकुरत नाही, हे तुला माहीतच आहे.

आणि हो, स्वल्पविराम. हे नाव मीच ठेवलं होतं तुझं, तुझ्या आईच्या आजारपणात मी या घरात राहायला आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी. शाळेतून आलीस की खांद्यावरचं दप्तर न उतरवता तू बोलत सुटायचीस आणि मधे थांबायचीस ते फक्त श्वास घ्यायला. पुढे दोन महिन्यांतच ते नाव वापरायचा माझा हक्क गेला. आज न विचारता वापरतेय. नाही आवडलं तर खोडून टाक.

तर, तुझी कादंबरी मी वाचली. नुसती वाचली नाही, अक्षर न् अक्षर तपासली. तुझ्या प्रकाशकाने ती ज्या छापखान्याला दिली, त्यांची प्रुफं तपासायला निवृत्तीनंतरही माझ्याकडेच घरी येतात. छापखान्यात कुणाला आपलं नातं ठाऊक नाही. नेहमीसारखं पुडकं आलं, वर मूळ प्रत, खाली प्रुफं, आणि मी दोरी सोडली तर समोर तुझं अक्षर. आजच्या काळात हाताने कादंबरी लिहिणारी तू एकटीच उरली असशील. 'ळ'ची शेपटी खालच्या ओळीच्या डोक्यावर आपटेपर्यंत लांबवायची तुझी सवय शाळेतल्या वहीपासून आहे, ती काही सुटलेली नाही. पहिल्या पानावर स्वयंपाकघरातली ती तडकलेली फरशी आली, तेव्हा नाव बघायचीही गरज उरली नाही. खरं म्हणजे तिथेच मी पुडकं बांधून परत पाठवायला हवं होतं. घरच्या माणसाचं काम घेऊ नये. पण मी काही संत नाही. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे कळायची सोय घरबसल्या होत असेल तर कोण सोडेल? मी चहा टाकला आणि दादाला हाक मारली.

दादाला का, ते सांगायला हवं. हाताने लिहिलेल्या प्रतीवरून टाइप केलेला मजकूर तपासायचा तर दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल ठेवून ऐकत जायचं. वाचणाऱ्याने विरामचिन्हंसुद्धा वाचायची असतात. माझ्याकडे वाचायला येणारी बाई दोन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला गेली. तेव्हा दादा म्हणाला, "मी वाचतो की, नाहीतरी दिवसभर खिडकीत बसून काय करतो?" चाळीस वर्षं नकाशे आखलेला माणूस तो, केसाएवढी रेघ चुकली तर अख्खा कागद बदलायचा. वाचतोही तसाच. रोज दहा ते बारा आणि चार ते सहा, जेवणाच्या टेबलावर, मधे पाण्याचा तांब्या. "ती म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण पूर्ण." अशा चालीत आम्ही आजवर अकरा कादंबऱ्या आणि मधमाशीपालनावरचं एक पुस्तक पार पाडलंय. तुझी बारावी कादंबरी.

तुझं अक्षर त्यानेही लगेच ओळखलं. चष्मा पुसला, पहिलं पान डोळ्यांजवळ धरलं, परत लांब धरलं, आणि "पोरीने काय अक्षर काढलंय, बघ" एवढंच म्हणाला. अभिमानाने त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, हे आपण तिला सांगायचं नाही, कामाचा मामला आहे. तो लगेच कबूल झाला. कुठल्याही गोष्टीवर गप्प बसायला दादा एका पायावर तयार असतो.

पहिले आठ-दहा दिवस आम्ही काय हसलो म्हणून सांगू! तुझी ती आत्या. पातळ ओठांची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावणारी, मांजरीच्या पावलांनी येऊन पाठीमागे उभी राहणारी. मी उठून आरशात ओठ बघून आले. चांगले जाड आहेत. आणि माझ्या पावलांचं म्हणशील, तर मी इथून मोरीपर्यंत गेले की खालच्या मजल्यावरचे मान वर करून बघतात. दादाने त्या आत्याची वाक्यं नाकात बोलून दाखवायला सुरुवात केली. "या घरात स्वल्पविराम माझ्या परवानगीशिवाय स्वल्पविराम चमचासुद्धा हलत नाही." मला इतकं हसू आलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. तुझ्यावर रागावले का? अगं, थोडी रागावले. खोटं कशाला बोलू, चौथ्या प्रकरणात तू मला "कुणाचीच नसलेली बाई" म्हटलंस, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण त्याच प्रकरणात आई गेल्यावर तिच्या चपला दाराशी तशाच राहिल्या आणि रोज कुणीतरी त्यांना वळसा घालून जायचं, असं जे लिहिलंयस ना, तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. तसं लिहिणारी माणसं मी चाळीस वर्षांत चार-पाचच बघितली.

आता मुद्रितशोधकाने मजकुराला हात लावायचा नसतो. वेलांटी चुकली, शब्द गळला, मागच्या पानावर निळा असलेला शर्ट पुढच्या पानावर पिवळा झाला, तर तेवढं समासात लिहायचं आणि पुढे जायचं. पुस्तक चांगलं की वाईट, हे आम्हाला कुणी विचारत नाही. पण शेकडो कादंबऱ्या अक्षरागणिक चघळल्यावर माणसाला चव कळायला लागते, आणि तू आमच्या घरची म्हणून ही आगाऊपणाची सवलत घेते. तुझ्या पुस्तकात दार आपटल्याचे आवाज सहा वेळा येतात, मी मोजलेत. तीन वेळा बशी फुटते. तुझी आत्या ओरडते, तुझी नायिका ओरडते, आणि तुला वाटतं, झाला संघर्ष. अगं, भांडण वेगळं. भांडणात दोन माणसांना दोन गोष्टी हव्या असतात, ती कुठल्याही नळावर ऐकायला मिळतात. एकाच माणसाला दोन गोष्टी हव्या असतात आणि एक घेतली की दुसरी हातची जाते, तिथे वाचणारा पान उलटायचं विसरतो. तुझी आत्या वाईट आहे कारण ती वाईट आहे. का वाईट आहे? तिला काय हवं होतं? तीनशे पानांत तिला साधी भूक लागत नाही. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तुझे ते बाबा. रोज सकाळी लेकीच्या वेण्या घालणारे, कधी आवाज न चढवणारे, प्रत्येक प्रसंगी बरोबर तेच बोलणारे. त्यांना कधी कशाची भीतीच वाटत नाही. दादाच एकदा वाचता वाचता थांबून म्हणाला, "हा माणूस जरा कंटाळवाणा नाही का वाटत?" आणि मग स्वतःच ओशाळला.

तेव्हा मी हसले होते. अकरावं प्रकरण अजून यायचं होतं.

अकरावं प्रकरण तुला पाठ असेल. मुलगी शाळेतून येते, स्वयंपाकघरात जळक्या कागदाचा वास, शेगडीपाशी आत्या उभी, तिच्या हातात मुलीच्या गोष्टींच्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर. मुलगी विचारते, का? आत्या म्हणते, "गोष्टी लिहून गणितात पास होता येत नाही." बस, एवढंच. खरंच एवढंच बोलले होते मी, तू एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाहीस. त्यानंतर तुझी नायिका लिहिते की त्या वहीत काय होतं ते तिला आता आठवत नाही, पण ते जळताना दिसलेली आत्या आठवते.

दादाने ते प्रकरण एका लयीत वाचलं. नाकातला आवाज नाही, नक्कल नाही. पूर्णविराम, परिच्छेद, अवतरण सुरू, अवतरण पूर्ण. माझी पेन्सिल ओळींखालून चालत राहिली, दोन वेलांट्या सापडल्या, त्या मी दुरुस्त केल्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. प्रकरण संपल्यावर तो पाणी प्यायला आणि त्याने बारावं घेतलं.

बाराव्याच्या दुसऱ्या परिच्छेदात प्रुफावर मला एक वाक्य दिसत होतं. "त्या सकाळी बाबांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती, म्हणून माझ्या वेण्या आत्याने घातल्या, आणि इतक्या घट्ट घातल्या की शाळेत माझं डोकं दुखत राहिलं." दादाने त्याच्या आधीचं वाक्य वाचलं आणि नंतरचं वाचलं. हे वाक्य त्याने वाचलंच नाही. माझी पेन्सिल तिथे अडकली. मी म्हटलं, "दादा, एक ओळ राहिली." तो म्हणाला, "नाही राहिली." मी म्हटलं, "प्रुफात आहे." तो म्हणाला, "मग प्रुफात जास्तीची आली असेल. काढून टाक." मी हात पुढे करून मूळ प्रत मागितली. त्याने दिली नाही. कागदावर पंजा पालथा ठेवून बसला. मला सांग, या टेबलावर कुणी आवाज चढवला नव्हता, दार आपटलं नव्हतं, बशी फुटली नव्हती, पण पान उलटायचं मी विसरले होते. मग तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि चहा करायला लागला. त्याला चहा येत नाही. दोन पेल्यांत कोमट पाणी घेऊन आला आणि आम्ही दोघं ते चहा म्हणून प्यायलो.

आता तुला सांगायलाच हवं.

तुझी आई दवाखान्यात होती ते शेवटचे बारा दिवस. सगळं कळून चुकलं होतं. तुला सांगण्यात आलं होतं की तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत. ते खरं नव्हतं. समोरच्या खाटेवरच्या बाईची नातवंडं रोज पायथ्याशी बसून चित्रं रंगवायची. तुला न्यायचं नाही, हे दादाने ठरवलं होतं. वहिनीचा चेहरा फार उतरला होता, नळ्या होत्या, आणि तो म्हणायचा, पोरीच्या डोळ्यांसमोर आईचं हे रूप कायमचं राहायला नको. वाईट हेतू नव्हता गं. पण वहिनी रोज संध्याकाळी दाराकडे मान वळवून विचारायची, "आली का ती?" आणि दादा म्हणायचा, "परीक्षा चालू आहे तिची, संपली की आणतो." परीक्षा नव्हती. वहिनीला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. बारा दिवसांत तिने दुसरं काही मागितलं नाही. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसून हे ऐकत होते. तुला शाळेतून उचलून रिक्षात घालून तिच्यासमोर उभं करायला मला वीस मिनिटं लागली असती. मी तोंड शिवून बसले. मोठा भाऊ, त्याची बायको, त्याची मुलगी, मी आपली पाहुणी, असं स्वतःला समजावत राहिले. पुस्तकातल्या आत्याच्या नावावर तू भलताच गुन्हा टाकलायस. खरा हा होता.

त्यानंतर महिना झाला असेल. तू गोष्टी लिहायचीस त्या वहीत नवी गोष्ट लिहिलीस. तू झोपल्यावर एका रात्री दादाला पेन्सिल हवी होती म्हणून त्याने तुझं दप्तर उघडलं आणि वही हाताला लागली. ती वाचून त्याने मलाही वाचायला दिली. तुला ती गोष्ट आठवत नाही, मला आठवते. एक आई असते, ती पांढऱ्या पडद्यांच्या खोलीत झोपलेली असते. तिची मुलगी रोज त्या इमारतीखाली येऊन उभी राहते, पण शंभर खिडक्यांतली आईची कुठली हे तिला माहीत नसतं. आणि वर खोलीत आई रोज विचारते, "आली का ती?" अगदी हेच शब्द. तुला कुणीही सांगितलेलं नव्हतं. तू ते मनाने रचलं होतंस, अकरा वर्षांची पोर तू, आणि ते खरं निघालं होतं. मी तेव्हाच ओळखलं की ही पुढे लिहिणार.

दादाने काय ओळखलं ते दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा बघितलं. तो शेगडीसमोर उकिडवा बसून एकेक पान फाडून आत घालत होता. रडत नव्हता. एखादी चुकलेली आकृती नष्ट करावी तसा नीट, क्रमाने. मी वही ओढली, तेव्हा त्याने जळतं पान परत काढायला हात घातला, का ते त्यालाच माहीत, आणि अंगठा भाजून घेतला. तेवढ्यात जिन्यावर तुझी पावलं वाजली. मी त्याला मागच्या दाराने गॅलरीत ढकललं आणि वहीचं कव्हर माझ्या हातात राहिलं. पुढचं तू लिहिलंच आहेस.

मी का तसं केलं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. तेव्हाचा हिशेब सोपा वाटला होता. तुझी आई गेली होती, उरला एक बाप. त्याच्यावरचाही विश्वास उडाला तर तू कुणाच्या कुशीत झोपणार? माझी तुझी ओळख जेमतेम दोन महिन्यांची. मला गमावून तुझं काय जाणार होतं? आणि त्या बारा दिवसांची टोचणी होतीच, काहीतरी शिक्षा मलाही हवी होती. एक गोष्ट मात्र ध्यानात आली नव्हती. तुझे डबे भरता भरता, तुझे दुखरे दात काढून आणता आणता माझं तुझ्यावर इतकं प्रेम बसेल, हे काही मी हिशेबात धरलं नव्हतं. तू दारातून आत येऊन माझ्या बाजूने न बघता सरळ बाबांकडे जायचीस, ते मी वर्षानुवर्षं बघितलं. मला फार लागायचं गं. हे आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय.

आता त्या पट्टीचं. मागच्या प्रकरणात अंगठ्याला काही झाल्याचा उल्लेख नाही, मग पुढच्या प्रकरणात पट्टी कुठून आली? असं काही दिसलं की समासात प्रश्नचिन्ह टाकायचं, हे माझं कामच. आजवर एकदाही सोडलेलं नाही. पण टाकलं तर तू काय करशील? प्रश्नचिन्ह बघशील, म्हणशील, खरंच की, कारण नाही दिलेलं, आणि वाक्य काढून टाकशील. पुस्तक नीटनेटकं होईल. आणि त्या तीनशे पानांत तुझ्या नकळत आलेली एकुलती एक खरी गोष्ट जाईल. तुझ्या डोक्याने आत्याला आरोपी केलं, पण तुझ्या डोळ्यांनी ती पट्टी जपून ठेवली होती. म्हणून मी प्रश्नचिन्ह टाकलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कामात कुचराई केली.

पुस्तक बदल असं मी म्हणत नाहीये. तुला वाटलं तर आहे तसं छाप, पातळ ओठांसकट. खपेलही. पण तुला तुझ्या बाबांचं पात्र उभं राहत नाही असं कुठेतरी वाटत असणार, कारण तू त्यांच्यावर सगळ्यात जास्त पानं खर्च केलीस आणि तरी ते हलत नाहीत. त्यांना लेकीला वाचवायचं होतं आणि बायकोलाही फसवायचं नव्हतं. दोन्ही जमलं नाही. तो माणूस लिही. तो कंटाळवाणा नाही.

कोमट पाण्याच्या दुसऱ्या दिवशी, दहा वाजता, दादा नेहमीसारखा टेबलाशी येऊन बसला. मी पुढचं पान काढलं, तर म्हणाला, "मागे जा. बारावं." आणि त्याने ती ओळ वाचली. "त्या सकाळी बाबांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती स्वल्पविराम." एवढं वाचून थांबला. परत पहिल्यापासून वाचली. तिसऱ्यांदा पूर्ण केली. मग म्हणाला, "हे तिला मी सांगणार. तू मधे पडू नकोस. एकदा पडलीस तेवढं पुरे झालं." आणि उरलेली सगळी प्रकरणं आम्ही चार दिवसांत संपवली.

तो येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतोय. एकटा. छापखान्याची परवानगी काढून प्रुफांचं पुडकं त्यानेच घेतलंय, तुला लेखिका म्हणून शेवटची नजर टाकायची असते त्या निमित्ताने. या पत्राचा त्याला पत्ता नाही. मधे पडू नकोस म्हणाला होता आणि मी परत पडतेय, कळतं मला. पण मी तुझा चेहरा ओळखते. राग आला की तुझ्या चेहऱ्यावर तो आधी येतो आणि शब्द मागून येतात, आणि तेवढा एक क्षणसुद्धा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने उंबऱ्यात उभं राहून बघू नये असं मला वाटतं. तर पहिला राग या कागदावर काढ. हवं तर माझ्यावर काढ, मला सवय आहे. तीन दिवस आहेत तुझ्याकडे. रड, फोन कर, मला वाटेल ते बोल. आणि मग रविवारी दार उघड. तो बराच वेळ गाडीतल्या गर्दीबद्दल बोलेल, तुझ्या अक्षराबद्दल बोलेल, गुडघ्याबद्दल बोलेल. त्याला घाई करू नकोस. त्याला जमलंच नाही, तर तुला सगळं माहीत आहे असं कळू देऊ नकोस, नुसतं जेवायला वाढ. पण जमलं आणि त्याने सांगायला सुरुवात केली, तर तू ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेयस असं ऐक.

तुझीच म्हणवून घ्यायला आवडणारी,
आत्या